पायांजवळची जागा

शैला,

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. तुझ्या कॉलेजातल्या मुली तुझ्यावर एक पुस्तिका काढतायत. त्यांचे मला दोनदा फोन आले. मॅडमच्या सगळ्यात जुन्या मैत्रीण तुम्ही, दोन पानं तरी लिहून द्या, असं म्हणाल्या. मी हो म्हटलं. कागद पुढ्यात घेतला तेव्हा कळलं, त्या पुस्तिकेत छापता येईल असं माझ्याकडे काहीच नाही. तू चित्रकार म्हणून कशी होतीस, शिकवायचीस कशी, हे त्या मुली माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मला तुझ्याशी भांडायचं आहे. दहा वर्षं मी तुझ्याशी बोलले नाही, आणि आता बोलायचं आहे तर तू ऐकायला नाहीस. म्हणून हे तुलाच लिहिते. मुलींना दुसरं काहीतरी देईन.

प्रज्ञाला भांडणाचा शेवट लक्षात राहतो, सुरुवात नाही, असं तू म्हणायचीस. तेव्हा सुरुवातीपासून सांगते.

नांदेडला चित्रकलेच्या कॉलेजात आपण दुसऱ्या वर्षाला होतो. सरांनी वर्गात ते पान आणलं. हैदराबादच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात मिळालेलं, कुठल्यातरी जाडजूड पुस्तकातून सुटलेलं. इटलीतलं, पाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वीचं चित्र, एवढंच त्यांना माहीत होतं. चित्रकाराचं नाव असेल तो कोपरा वाळवीनं खाल्ला होता. येशूला क्रुसावरून उतरवलंय आणि मरियम त्याला मांडीवर घेऊन जमिनीवर बसली आहे. पुरता वाढलेला बाप्या माणूस, पण तिनं त्याला तान्ह्या लेकरासारखं धरलंय, एक हात मानेखाली. मागं आभाळ नाही, गाव नाही, झाड नाही. नुसतं सोनं. तिचं वस्त्र इतकं गडद निळं की चुण्यांमध्ये काळं वाटतं. पायांशी लाल कपड्यातली एक बाई, केस सुटलेले, गाल त्याच्या तळव्यांना लावलेला. खालच्या कडेला एक कवटी, आणि कोपऱ्यात डोक्यावर लाल ठिपका असलेला चिमणीएवढा पक्षी.

सरांनी एकेक खूण उलगडून दाखवली होती. तो निळा रंग कुठल्या लांबच्या डोंगरातल्या दगडाचा, सोन्याच्या तोडीचा, म्हणून जपून वापरायचा आणि तिच्या वस्त्राला द्यायचा. मागचं सोनं म्हणजे तिथं घड्याळ चालत नाही, हा शोक कालचाही आहे आणि उद्याचाही. कवटी पहिल्या माणसाची, ज्याच्यापासून मरण सुरू झालं. पक्ष्यानं येशूच्या कपाळातला काटा उपसला तेव्हा रक्ताचा थेंब त्याच्या डोक्यावर उडाला. आणि ती मांडी. बाळाला मांडीवर घेतलेली आई त्या लोकांना पाठ होती, सर म्हणाले, घराघरांत तीच चित्रं. त्याच मांडीवर चित्रकारानं मेलेला मुलगा ठेवला की बघणाऱ्याला दोन्ही चित्रं एकाच वेळी दिसायची. लोक अशा चित्रापुढं गुडघे टेकून रडायचे. चित्र त्यासाठीच काढलेलं असायचं. बघणाऱ्यानं मनानं आत शिरायचं आणि आपल्याला जमेल त्या जागी जाऊन बसायचं. कुणी डोक्याशी, कुणी पायांशी.

वर्ग सुटला तरी आपण त्यावरच बोलत होतो. होस्टेलच्या जिन्यात बसून मी तुला म्हटलं होतं, रडणाऱ्या बाईच्या मागं सोनं कशाला? आमच्यात दुःखाला सजवत नाहीत. दुःख आहे, त्याला कारण आहे, इतकं सरळ. तू रेणापूरच्या पाटलाच्या घरातली, देवघरात दोन-दोन समया तेवणाऱ्या घरातली. हसलीस आणि म्हणालीस, मग बुद्धाच्या मागं ती प्रभावळ कशाला काढता? मी चार दिवस तुझ्यावर रुसले. तुझं म्हणणं होतं की खरं दुःख चित्रात येतच नाही, म्हणून खुणा लागतात. मी म्हणायची, खुणा आल्या की दुःख उठून निघून जातं. पुढं तू नांदेडलाच कॉलेजात लागलीस आणि मी लातूरला शाळेत चित्रकला शिकवायला लागले, तरी आपलं हेच चालू. फोनवर इकडतिकडचं बोलून झालं की तू विचारायचीस, मग, सोनं लावायचं की नाही लावायचं?

मग मिलिंद गेला.

मे महिना होता. त्यानं कूलरमध्ये पाणी ओतलं, हात ओला होता, वायर कुठंतरी सोललेली होती. चोवीस वर्षांचा माझा भाऊ, नायगावात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायचा, गावातल्या निम्म्या लोकांचे फोन त्याच्या हातून गेलेले. दवाखान्यात नेलं, तिथून परत आणलं. मी लातूरहून गावी पोचले तेव्हा माय दारातल्या कडुलिंबाखाली बसली होती आणि तो तिच्या मांडीवर होता. ती कुणाला हात लावू देत नव्हती. चुलत्यांनी दोनदा उचलायचा प्रयत्न केला, तिनं सोडलं नाही. तिचा एक हात त्याच्या मानेखाली होता. मी त्याच्या पायांशी बसले आणि त्याचे तळवे दोन्ही हातांत धरले. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं होतं, क्रिकेट खेळताना लागलेलं. बराच वेळ मी त्या नखाकडंच बघत होते.

दुपारी तू आलीस. आल्या आल्या मायच्या पाठीमागं बसलीस आणि तिला टेकायला तुझं अंग दिलंस. कसं केलंस मला माहीत नाही, पण तासाभरानं तिनं तुझ्याच सांगण्यावरून त्याला सोडलं. तुझ्या घरच्या बायका आमच्या वस्तीत कधी पाणीही प्यायल्या नसत्या. तू जलदानविधीपर्यंत आमच्या चुलीपुढं बसून भाकरी थापल्यास, माझे केस विंचरून दिलेस, माझ्या वडलांना, अण्णांना, हाताला धरून अंघोळीला उठवलंस. भंतेजी त्रिशरण म्हणत होते तेव्हा तू त्यांच्या मागून शब्द म्हणायचा प्रयत्न करत होतीस, चुकत होतीस. हे सगळं मी विसरलेले नाही. रागाच्या दहा वर्षांतही विसरले नव्हते. खरं तर त्यामुळंच राग टिकला. मी त्या दिवसांतला तुझा एकेक क्षण आठवून तपासला आहे, तुझ्या हातात कुठं पेन्सिल होती का म्हणून. नव्हती.

पुढच्या वर्षी तुझ्या प्रदर्शनाचं कार्ड आलं. मागं तुझ्या अक्षरात लिहिलं होतं, नक्की ये. मी एसटीनं नांदेडला आले. हॉलमध्ये शिरल्यावर पहिली दहाबारा चित्रं मी आनंदानं बघितली, तुझी गोदावरी, तुझ्या म्हशी. शेवटच्या भिंतीवर एकच चित्र होतं.

माय होती. तिच्या मांडीवर मिलिंद, त्याच्या करड्या टी-शर्टमध्ये. मागं सगळीकडे सोनेरी वर्ख. मायचं लुगडं त्या दिवशी हिरवं होतं, चित्रात ते निळं होतं, त्या पानावरच्या वस्त्रासारखं गडद. कवटीच्या जागी काळ्या वायरचं वेटोळं. पक्ष्याच्या जागी पांढरी मेणबत्ती, आम्ही बुद्धापुढं लावतो तशी. मायच्या चेहऱ्यावरची प्रत्येक रेष खरी होती. मिलिंदचं काळं नख खरं होतं. त्याचे तळवे बघणाऱ्याकडं होते आणि त्यांच्याशी कुणी नव्हतं. तिथं सोन्याचा एक उघडा तुकडा होता फक्त.

मी स्वतःला शोधलं, शैला. आधी मायला बघितलं, मग मिलिंदला, आणि मग मी चित्रभर स्वतःला शोधलं. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण मलाच त्याची लाज वाटली.

तू लोकांमधून वाट काढत माझ्याकडे आलीस. बाजूला घेऊन मी तुला विचारलं, "तू विचारलं का नाहीस?"

तू माझ्याकडं बघितलंस, मग खाली. "तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"माझ्या मायला तू मरियमचं वस्त्र नेसवलंस. तिचं दुःख तुला त्या कागदावरच्या चित्रासारखं दिसलं?"

तू वळून चित्राकडं बघितलंस.

"आणि पाय मी धरले होते. मी कुठं आहे?"

"तुझी जागा तिथं नव्हती, प्रज्ञा," तू म्हणालीस.

बस. तेवढ्या एका वाक्यावर मी दहा वर्षं जगले. आमच्या घरी येऊन, आमच्या चुलीवर रांधून, आमच्या घरातलं मरण डोळ्यांनी उचलून नेलंस; वर मलाच त्यातून पुसून टाकलंस. मी परतीच्या एसटीत बसले. कंडक्टरनं दोनदा विचारलं, कुठं उतरायचं, तर मला लातूर म्हणायला वेळ लागला.

पेपरात त्या चित्राचा फोटो आला. तो पेपर घेऊन कुणीतरी अण्णांकडं गेलं. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते, आयुष्यभर मोठ्या लोकांपुढं हळू बोललेले. त्यांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "आपल्या घरात येऊन रडली ती. आन् रडणं घेऊन गेली." त्यानंतर तुझं नाव त्यांच्यापुढं कुणी काढलं नाही. मायनं मात्र तो फोटो बराच वेळ बघितला. मला विचारलं, हे सोनं खरं हाय का? मला वाटलं, धक्क्यानं तिला काही सुचत नाही. मी म्हटलं, कागदासारखा पातळ वर्ख असतो तो, माय, काही खरं नाही त्यात. गावात ज्यानं विचारलं त्याला मी सांगितलं, ती बाई माझी माय नाही, चित्रकार कुणालाही बघून काढतात.

तू पत्रं लिहिलीस, मी फोडली नाहीत. मोबाइलवर तुझा नंबर बंद करून टाकला. एकदा लातूरच्या बसस्टँडवर तू समोर आलीस. रेणापूरला माहेरी चालली होतीस, हातात पिशवी, डोक्याला स्कार्फ. मला वाटलं ऊन लागतं म्हणून. तू विचारलंस, मावशी कशा आहेत? मी म्हटलं, "का, अजून काही काढायचं राहिलंय?" तुझा चेहरा मला आत्ता दिसतोय. तू तोंड उघडलंस आणि परत मिटलंस. मग म्हणालीस, तब्येतीला जप, आणि रेणापूरच्या गाडीत चढलीस. त्या स्कार्फखाली केस नव्हते हे मला तुझ्या मरणानंतर समजलं.

कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर तुझी बातमी आली तेव्हा मी आठवीच्या वर्गावर होते. मुलं घडे काढत होती. मी फोन पालथा ठेवला आणि फळ्यावरचा घडा पुसून परत काढला. घरी येऊन मायला सांगितलं. अण्णा गेल्यापासून चार वर्षं ती माझ्याकडंच असते. मायनं तोंडाला पदर लावला आणि आतल्या खोलीत गेली. मला जरा नवलच वाटलं, कारण तिनं कधी, कशानं, काहीच विचारलं नाही.

दहाव्याला मी नांदेडला आले. तुझ्या घरी दहा वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. तुझ्या नवऱ्यानं, दाजींनी, मला बघितलं आणि हात जोडले, मग म्हणाले, आत या. तुझ्या कामाच्या खोलीत ते चित्र होतं. कुणाला विकलं नव्हतंस, कुठं पाठवलं नव्हतंस. दाजी म्हणाले, त्याच्याबद्दल विचारायला लोक यायचे, तिनं कुणाला उभं केलं नाही. मग त्यांनी सहज विचारलं, "मावशींना आणलं न्हाई? त्यांची ती खुर्ची अजून तिथंच हाय बघा."

मी विचारलं, कुठली खुर्ची?

दाजींच्या लक्षात आलं की मला माहीत नाही. ते गडबडले. मग त्यांनी सांगितलं, तीन वेळा येऊन गेल्या की त्या, चित्रासाठी बसायला. तिसऱ्या वेळी तर मुक्काम केला होता, शैलानं त्यांच्यासाठी कढी केली होती. शेवटी शेवटी फोनवर बोलणं व्हायचं दोघींचं. मी खिडकीजवळच्या त्या लाकडी खुर्चीकडं बघत राहिले. पाहुण्यांना चहा देत होते, कुणीतरी मलाही दिला. तो मी उभ्यानंच संपवला आणि निघाले.

लातूरला आले तेव्हा माय भाजी निवडत होती. मी चप्पल पण काढली नाही. म्हटलं, "तू शैलाकडं गेली होतीस?"

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. "हाव," म्हणाली. "गेलते."

मग तिनं सांगितलं ते तुला माहीतच आहे. तरी मी लिहिते, कारण मला ते तुझ्याकडून ऐकायला मिळालं नाही.

मिलिंदला जाऊन दोन महिने झाले होते. अण्णा शाळेत गेले असताना तू एकटीच गावी आलीस. मायपुढं एक कागद ठेवलास आणि म्हणालीस, मावशी, हे माझ्या हातून झालंय, तुम्ही म्हणाल तर इथंच फाडते. त्या कागदावर सगळं होतं, झाड, दार, माय, मिलिंद. आणि त्याच्या पायांशी मी होते. मायला वाचता येत नाही, पण तिनं मला ओळखलं. तिनं किती वेळ तो कागद बघितला तिला सांगता येईना. मग तुला म्हणाली, फाडू नको. पण ह्यातून पोरीला काढ.

"तू तवा साळंत जाणं सोडलं व्हतंस," माय मला म्हणाली. "लातुरात खोली बंद करून बसायचीस. तुझा हात पेन्सिलीला लागत नव्हता. म्या तिला म्हणलं, माझं एक लेकरू गेलं, दुसरं त्याच्या पायाशीच बसून राहिलं हाय. चितरात काढलंस तर ती तिथून उठायचीच न्हाई. तिला उठव तिथून."

म्हणून तू मला उठवलंस.

लुगड्याला कोणता रंग देऊ, हेही तू तिला विचारलंस. मी जो रंग बघून तुला मरियमचं वस्त्र म्हणून बोलले, तो तिनं सांगितला होता. "निळा दे म्हणलं," माय म्हणाली. "आपला निळा. जयंतीला झेंड्याचा असतो तसा. तर ती रडाया लागली. मला कळंना कामून रडती. म्हणली, मावशी, तुमचा आन् तिचा एकच रंग निघाला. ती कोण, ते म्या इचारलं न्हाई."

सोन्याचंही तिलाच विचारलंस. सोनं लावायचं की नाही लावायचं, हा आपला प्रश्न, जिन्यातला, फोनवरचा. तू तो माझ्या मायपुढं ठेवलास आणि तिनं सरळ उत्तर दिलं. तिच्या लेकराला मातीत ठेवलं होतं, पहिल्या पावसात वर गवत उगवलं होतं. चांगल्या जागी ठेव त्याला, ती म्हणाली. जिथं ऊनपाणी लागणार न्हाई.

अण्णांना हे चाललं नसतं, म्हणून मायनं तुझ्याकडून शब्द घेतला, कुणाला सांगायचं नाही. डोळे दाखवायला नांदेडला जाते, असं घरी सांगून ती तुझ्याकडं बसायला आली. नंतर मी तुझ्यावर चिडले. मायनं ते बघितलं, आणि मग जे झालं ते मला सगळ्यात जास्त लागलं आहे. प्रदर्शनाहून परत आल्यावर मी त्याच आठवड्यात चित्र काढायला बसले होते. तुला दाखवून द्यायचं होतं मला. रजा संपवून मी शाळेत जायला लागले, परीक्षा दिल्या, मुलांची चित्रं बाहेर पाठवली. माय तुला फोनवर म्हणाली, ती तुझ्यावर रागावली हाय पर उठली हाय, आता राहू दे. आणि तू म्हणालीस, रागावू द्या तिला, मावशी. मला चालतंय.

तुला चालतंय. मला चालतं का, हे तुम्ही दोघींनी विचारलं नाही.

अण्णा गेल्यावर तर शब्द पाळायचं कारणही उरलं नव्हतं. चार वर्षं होती तुमच्याकडं. मायला मी तेच विचारलं. ती म्हणाली, इतकी वर्सं झाल्यावर कोणत्या तोंडानं सांगावं. तू आजारी पडलीस हे तिला माहीत होतं. तिनं मला सांगितलं नाही, कारण तू नको म्हणालीस. कीव करून ती यायला नको, असं म्हणालीस. गेल्या पावसाळ्यापासून माय मला म्हणून राहिली होती, एकदा नांदेडला जाऊन येऊ गं. मी दरवेळी म्हटलं, काय आहे तिथं आपलं?

मला चित्राच्या आत शिरणं तुझ्यापेक्षा जास्त कळतं असं मी समजत होते. मी मुलांना शिकवते ते. बघा, खुणा ओळखा, रंग का आला ते विचारा. माझ्याच घरातल्या चित्रातल्या सगळ्या खुणा मी चुकीच्या वाचल्या. पण तू मला बरोबर वाचायची संधी कुठं दिलीस? बसस्टँडवर तू तोंड उघडून मिटलंस, तेव्हा एक वाक्य बोलली असतीस तर काय झालं असतं? मी रडले असते. कदाचित तिथंच बाकावर बसून रडले असते, लोकांदेखत. मग तुझ्याबरोबर रेणापूरच्या गाडीत चढले असते. तुझ्या दवाखान्याच्या फेऱ्यांना आले असते, तुला नको असलेली खिचडी करून दिली असती, आणि त्या निळ्यावरून आपण अजून एकदा भांडलो असतो. तू ते सगळं माझ्याकडून काढून घेतलंस. माझ्या भल्यासाठी घेतलंस. भल्यासाठी फसवलेल्या माणसानं कुणाकडं बघून बोटं मोडायची ते सांग.

लोक मला सांगतील की यात किती प्रेम होतं. मला दिसतंय ते. दहा वर्षं माझ्या शिव्या खाऊन गप्प बसणं सोपं नव्हतं, हेही दिसतंय. तुझे उपकार मी मानते, अगदी मनापासून मानते, आणि तरी सकाळी उठल्यावर पहिलं जे मनात येतं ते हेच की तुम्ही दोघींनी मिळून मला फसवलं. माझ्या दुःखाचं काय करायचं ते तुम्ही ठरवलंत. मला किती सोसेल ते तुम्ही मोजलंत. दहा वर्षं मी एका वाईट मैत्रिणीवर रागावून काढली, आणि ती मैत्रीण कधी नव्हतीच.

माय जे बोलली ते ऐकल्यावर मी तिच्याशी तीन दिवस बोलले नाही. जेवण वाढायचे, गोळ्या द्यायचे, पाणी तापवून ठेवायचे, पण बोलायचे नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघाले होते. ती दारात येऊन उभी राहिली, चौकटीला दोन्हीकडं हात लावून, मला जाता येऊ नये म्हणून.

"तिच्यावर किती वर्सं रागावलीस?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, दहा.

"माझ्यावर बी रागाव की मग. पर जल्दी कर. आन् बोलून रागाव. म्या अजून हाय."

मी पर्स खाली ठेवली. शाळेत फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. आणि मग मी रागावले, शैला. अख्खी सकाळ रागावले. तुझ्या वाटणीचं पण तिलाच बोलले. ती समोर बसून सगळं ऐकत होती, आणि मधेच एखादी गोष्ट मी विसरले तर आठवण करून देत होती.